कोपऱ्यातलं नाव

कोणाच्या तेराव्याला गेलं की माणसं चपला काढतात, फोटोपुढे हात जोडतात, फूल वाहतात आणि सतरंजीवर भिंतीकडेची जागा शोधतात. आमचे दिगंबरभाऊ महाजन चपला काढतात, चष्मा पुसतात आणि फोटोपुढे खूप खाली वाकतात. घरच्यांना वाटतं, बिचाऱ्याचा किती जीव होता. भाऊ एका बोटाने हार थोडा वर सरकवतात, फोटोचा खालचा उजवा कोपरा तपासतात आणि मगच हात जोडतात. कोपऱ्यात 'दिगंबर फोटो स्टुडिओ, बुऱ्हाणपूर' ही अक्षरं शाबूत असतील तर प्रार्थना मनापासून होते. नसतील तर मयताच्या मुलाला बाजूला घेऊन विचारणा होते, "हा मोठा फोटो कोनी बनवला? माझं नाव कापलं त्यानं."

हे मी ऐकीव सांगत नाही. असा एक मुलगा आमच्याच शाळेत शिक्षक होता आणि त्याला सावरायला मी शेजारी उभी होते. रडून डोळे सुजलेले, आणि भाऊ त्याला शांतपणे समजावत होते की फोटो काढणाऱ्याचा फोटोवर जन्मभर हक्क असतो, आणि मेल्यावरही पुष्कळ वर्षं राहतो. 'मेल्यावरही' हा शब्द त्यांनी त्या घरात तीनदा उच्चारला. शेवटी मी त्यांचं कोपर धरून त्यांना सतरंजीवर बसवलं.

बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाजाजवळच्या एका गल्लीत आमची घरं समोरासमोर आहेत. त्यांच्या घरात खाली स्टुडिओ, वर ते आणि शोभावहिनी. मी बारा वर्षांपूर्वी बदली होऊन इथे आले आणि शाळेत इंग्रजी शिकवते. हे इंग्रजीच मला भोवलं. जगभरातल्या फोटोचोरांना इंग्रजीतून पत्रं लिहायची असतात आणि भाऊंचं इंग्रजी 'स्माइल प्लीज'च्या पुढे गेलेलं नाही. रविवारी सकाळी दार वाजलं की मी समजते. "मॅडम, जरा दोन लाइन लिहायच्या होत्या" असं म्हणून ते बसतात आणि त्या दोन ओळी उठेपर्यंत दोन पानांच्या होतात.

एकेकाळी ते बाकीच्या फोटोग्राफरांसारखे बरे होते म्हणे. नाव कोपऱ्यात बारीक टाकायचे. मग लोक कोपरा कापून फोटो स्टेटसला लावायला लागले. भाऊंनी नाव कोपऱ्यातून उचलून पायाशी आणलं. लोकांनी पाय कापले. भाऊंनी नाव मधोमध आणलं, तर मोबाइलवर बोट फिरवून अक्षरं पुसून टाकणारी सोय निघाली. तेव्हा मात्र भाऊ इरेला पेटले. एका लग्नाचे फोटो नवऱ्याकडच्यांना गेले, त्यात नवरदेवाच्या कपाळावर, मुंडावळ्यांच्या बरोबर खाली, 'दिगंबर' असं ठसठशीत लिहिलेलं. मुलाचं नाव राकेश होतं. त्याच्या आत्या गावाहून आल्या नव्हत्या. त्यांनी फोन करून विचारलं की पोराचं नाव कधी बदललं.

भाऊंचा दुसरा उपाय म्हणजे फोटो लहान करून पाठवणे. मोठा फोटो घरी ठेवायचा आणि नेटवर फक्त एवढासा सोडायचा, म्हणजे चोराला त्याचा काही उपयोग होत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. फक्त तो त्यांचा एवढासा इतका एवढासा असतो की गिऱ्हाइकालाही उपयोग होत नाही. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याचे फोटो त्यांनी पसंतीसाठी पाठवले होते. आम्ही सगळे एका मोबाइलवर डोकी जोडून बसलो होतो आणि हिरवा ठिपका मुलीची आई की केळीचं झाड, यावर मतं घेत होतो.

सकाळी आंघोळ झाली की लोक देवापुढे बसतात, भाऊ कॉम्प्युटरपुढे बसतात. एक फोटो टाकला की त्यासारखे फोटो जगात कुठे कुठे आहेत ते शोधून देणारी सोय असते. भाऊ रोज आपले दहा फोटो टाकतात आणि कोण सापडतो ते पाहतात. सापडला की आधी पडद्याचा फोटो काढून ठेवतात, तारीख लिहितात आणि मग तक्रार. "आधी सबूत, मंग भांडण," असं ते म्हणतात. नवीन पोरांनाही ते हेच शिकवतात आणि ते शहाणपणाचंच आहे, कारण चोर आधी फोटो काढून टाकतो आणि मग तुम्हालाच विचारतो की कुठे आहे दाखवा.

एकदा आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या ग्रुपवर तापीच्या राजघाटावरचा सूर्योदय टाकला, वर गुलाबी अक्षरांत 'शुभ प्रभात'. मला आवडला म्हणून मी तो शोभावहिनींना पाठवला. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे, फोटो भाऊंचाच निघाला. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर रजिस्टर पोस्टाने नोटीस. शाळा भाऊंच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. मी विचारलं, अहो, सरांना भेटून सांगितलं असतं तर? तर म्हणाले, भेटण्याचा सबूत राहत नाही. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. तेव्हापासून ते सकाळी ग्रुपवर फक्त देवांची चित्रं टाकतात, तीही कॅलेंडरातली.

त्यांची एकदा सपशेल फजिती झालेलीही मी पाहिली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. खतं विकणाऱ्या एका दुकानाच्या पानावर केळीच्या घडाचा फोटो होता. भाऊंनी तो पाहताक्षणी ओळखला. वरून तिसऱ्या फणीत एक केळं वाकडं होतं, आणि ते वाकडं केळं आपण तापीकाठच्या एका बागेत टिपलं होतं अशी त्यांची खात्री. दुकानदार म्हणाला, फोटो देडतलाई गावाच्या पुढच्या एका शेतकऱ्याने पाठवलाय. झालं. पुढच्या रविवारी भाऊ स्कूटरवर आणि साक्षीदार म्हणून मी माझ्या गाडीवर, असे आम्ही त्या शेतकऱ्याच्या बागेत हजर.

शेतकरी पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाग माझी. खोड मी लावलं, पानी मी दिलं, घड माझा. मंग फोटो तुमचा कसा, भाऊ?" भाऊंनी उत्साहाने कायदा समजावला. त्याने तोही ऐकला. मग त्याने स्वतःचा मोबाइल काढला, भाऊंच्या फोटोशेजारी धरला आणि म्हणाला, फण्या मोजा. भाऊंच्या घडाला नऊ फण्या. याच्या घडाला अकरा. फोटो त्याने स्वतःच काढलेला, घड त्याचाच, केळं मात्र दोन्हींकडे तिसऱ्या फणीत वाकडं. भाऊ कानापर्यंत लाल झाले. त्यांनी उभ्या उभ्या माफी मागितली, आणि शेतकऱ्याचा फोटो चांगला आलाय हेही प्रामाणिकपणे सांगितलं. तो एवढा खूश झाला की त्याने एक अख्खा घड स्कूटरवर बांधून दिला. आठवडाभर आमची गल्ली केळीच खात होती.

तर असे हे भाऊ. लढाया त्यांना आवडतात. चोर सापडला की त्या दिवशी भाकरी एक जास्त जाते. एकच फोटो याला अपवाद होता आणि तो कुठे सापडला की मात्र ते जेवायचे नाहीत.

तो फोटो नेपानगरच्या एका लग्नातला होता, कागद कारखान्याच्या क्वार्टरमधल्या हळदीचा. एक म्हातारी आजी. दोन्ही गाल हळदीने माखलेले, पदर डोक्यावरून घसरलेला, मान मागे टाकलेली, तोंडात दोनच दात, आणि ती पोट धरून हसतेय. दुसऱ्या हाताने तिने शेजारणीचा खांदा घट्ट धरलाय, नाहीतर पडली असती. ती कशाला हसतेय हे कोणालाच माहीत नाही, पण फोटो पाहिला की आपल्यालाही हसू येतं. मला अजून येतं.

ही आजी जगभर फिरत होती. कोणाच्या सुविचाराखाली, कोणाच्या हळदीच्या पुड्यावर, एका दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत. तिच्या गालावरची हळद एकाने रंग बदलून गुलाल केली आणि होळीच्या शुभेच्छा दिल्या. शोभावहिनी खिडकीतून मला सांगायच्या, "आज पुन्हा आजी भेटली वाटते. ताट तसंच हाये." त्यांना हा सगळा प्रकार वेडेपणाचा वाटायचा आणि त्या तो हसून सोडून द्यायच्या.

मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर भाऊ एका सकाळी आले आणि बसले. मग मोबाइल पुढे केला. परदेशातली फोटो विकणारी एक मोठी वेबसाइट, त्यावर आजी विक्रीला, आणि खाली फोटो काढणाऱ्याचं नाव म्हणून कोणातरी भलत्याच माणसाचं नाव. आतापर्यंत फोटो बिननावाचा फिरत होता. आता त्याला नाव मिळालं होतं आणि ते खोटं होतं.

"मॅडम, बाकी सगळे फोटो गेले तं जाऊ द्या," ते म्हणाले. "पैसे नको, माफी नको. या फोटोखाली खरं नाव पाहिजे. एवढं करा."

मी कामाला लागले. 'हा फोटो मी काढला आहे' अशी पहिली ओळ लिहून मी त्यांना अर्थ सांगितला, तर म्हणाले, असं नको, 'हा फोटो आमच्या स्टुडिओचा आहे' असं लिहा. मी म्हटलं, 'मी' लिहिलं तर जोर येतो. ते म्हणाले, जोर नको. माझ्या इंग्रजीत ढवळाढवळ केलेली मला खपत नाही, म्हणून मी थोडी चिडलेसुद्धा. तीन पत्रं गेली. चौथ्याला उत्तर आलं. वेबसाइटने फोटो तात्पुरता उतरवला होता. मूळ फोटोचा पुरावा द्या, आणि फोटो ज्याने काढला त्याच्या सहीचा कागद दहा दिवसांत पाठवा, म्हणजे आम्ही ते नाव लावू. नाही आला तर तक्रार बंद, असं लिहिलं होतं.

पुरावा होता. फोटो रोलच्या काळातला होता आणि भाऊंनी प्रत्येक निगेटिव्ह जपून ठेवलेली. चोराकडे एकच फोटो असतो. त्याच्या आधीचा आणि नंतरचा फक्त मालकाकडे असतो, हे त्यांचंच ज्ञान. त्यांनी ती पट्टी कॉम्प्युटरवर घेतली आणि मी शेजारी स्टुलावर बसून पाहत होते. आधीच्या फोटोत बांगड्या भरणारे हात. मग आजी. आणि तिच्या पुढच्या फोटोत त्याच खोलीतलं आरशाचं कपाट.

आरशात एक बाई होती. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत हळदीचे, आणि तोंडासमोर धरलेला कॅमेरा. चेहऱ्याच्या जागी फ्लॅशचा पांढरा गोळा.

"भाऊ, ही कोण?" मी विचारलं.

भाऊंनी चष्मा काढला, परत घातला.

"फोटोग्राफर," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग साडीच्या खोचण्यावरून कळलं. समोरच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या शोभावहिनींचा तसाच खोचलेला पदर मी बारा वर्षं रोज पाहत होते.

भाऊंनी मग जे सांगितलं ते असं. तेव्हा हळदीच्या आणि बांगड्या भरण्याच्या खोलीत फोटोग्राफर म्हणून का होईना, पुरुषाला कोणी शिरू देत नसे. लग्नातला तेवढा भाग फोटोविनाच राहायचा. भाऊंनी वहिनींना कॅमेरा शिकवला, दुसरा कॅमेरा आणून दिला, आणि पुढची कितीतरी वर्षं आतले सगळे फोटो वहिनींनी काढले. भाऊ बाहेर, वहिनी आत. रोल एकत्र धुतले जायचे आणि सगळ्यांच्या मागे शिक्का एकच बसायचा, 'दिगंबर फोटो स्टुडिओ'. मग मोबाइल आले, पोरी आपापसातच फोटो काढायला लागल्या, आणि वहिनींचा कॅमेरा कपाटात गेला. मी या गल्लीत आले ती त्यानंतर.

"नेट आलं तवा पहिल्यांदा हाच फोटो टाकला मी," भाऊ म्हणाले. "आमच्या स्टुडिओतला सगळ्यात भारी हाच. माझं नाव टाकाले मन झालं नाही. अन् तिचं टाकायचं मले सुचलंच नाही. तसाच गेला, बिननावाचा. कोनीपन उचलला." मग म्हणाले, "दुनियेले नोटिसा देतो मी, मॅडम. पहिली तं मलेच पाहिजे होती."

मला चिडवाचिडवीची सवय आहे, पण त्या वेळी मला माझाच राग आला होता. मी बाई असून तो फोटो शंभरदा पाहिला होता. खोलीत परका पुरुष उभा असताना कुठली म्हातारी अशी पदर टाकून, पोट धरून हसेल? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. चोरांना पत्रं लिहिण्यात मीही रमले होते.

आता फक्त सही हवी होती आणि ती वहिनींची हवी होती. एक दिवस गेला, दोन गेले. भाऊ सही मागेनात. आज तिचं डोकं दुखतंय, आज चतुर्थी आहे, आज ती माहेरच्या माणसांशी फोनवर बोलतेय. शहरातल्या निम्म्या लोकांना नोटिसा धाडणारा हा माणूस बायकोपुढे एक कागद ठेवायला घाबरत होता. नवव्या दिवशी त्यांनी मला सुचवून पाहिलं की मॅडम, तुम्हीच बोलून बघा. मी साफ नाही म्हटलं. विचारल्याशिवाय कोणाचं काही घेऊ नये हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, मग जा आणि विचारा, असं मी जरा जोरातच म्हणाले. तरी 'सोबत चला' म्हणाले, आणि मी गेले.

शोभावहिनी स्वयंपाकघरात भरतासाठी वांगी भाजत होत्या. भाऊंनी ओट्याच्या कोरड्या कडेवर आजीचा आणि आरशाचा, दोन्ही फोटो ठेवले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वेबसाइट, भलत्याचं नाव, दहा दिवस, सही. मध्ये एकदाही सबूत हा शब्द आला नाही. वहिनींनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि आरशाचा फोटो बराच वेळ पाहिला.

"म्हंजे हे सारं माझ्यासाठी चाललं होतं?" त्या म्हणाल्या. "आन मी तुमाले येडं म्हनत होते. मले वाटे, कोनता फोटो कोनी काढला ते तुमाले याद पन नसेल."

भाऊ खाली गेले आणि निगेटिव्हची दोन जुनी पाकिटं घेऊन आले. मग आणखी आणली. ओटा भरला. वहिनींनी काढलेल्या प्रत्येक रोलच्या पाकिटावर, आतल्या बाजूला, पेन्सिलीने बारीक 'शो' लिहिलेलं होतं. बाहेरून दिसणार नाही असं. वहिनी एकेक पाकीट उघडून पाहत होत्या आणि मी वांग्यांकडे लक्ष देत होते, कारण कोणीतरी द्यायला हवं होतं.

मग त्यांनी पेन मागितलं. कागदावर खाली, लग्नानंतर बँकेत, रेशनकार्डावर आणि सगळीकडे लिहीत आल्या तसं, सावकाश लिहिलं: शोभा दिगंबर महाजन. भाऊंनी कागद उचलला, वाचला, आणि पुन्हा ओट्यावर ठेवला.

"दुसरा कागद घे," ते म्हणाले. "बीचमधलं नाव नको."

"अवं, माझं नाव असंच हाये ना."

"बाकी सगळीकडे राहू दे. इथं नको. या फोटोत मी नव्हतो, शोभा. मी तं दाराच्या बाहेर होतो."

वहिनींनी दुसरा कागद घेतला. 'शोभा'नंतर पेन जरा अडखळलं, मग पुढे गेलं. मी तो कागद त्याच दुपारी पाठवला.

तीन आठवड्यांनी आजीच्या फोटोखाली नाव आलं: शोभा महाजन, बुऱ्हाणपूर. भाऊंनी मला हाक मारून वर बोलावलं तेव्हा वहिनी जिन्यातच मोबाइल लांब धरून वाचत होत्या. आनंद झालाय हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि त्या तो लपवतही नव्हत्या. दोनदा वाचून झाल्यावर त्यांनी भाऊंना विचारलं की आम्ही आत दोन-दोन तास असायचो, तुम्ही बाहेर एकटे काय करत बसायचे?

भाऊ आधी लाजले. मग म्हणाले, "ऐकत बसायचो. आत हसनं एकदम वाढलं ना, की समजायचो, आता शोभा फोटो काढून ऱ्हायली."